जैनाबादची कबर आणि बाळंतिणीचा रक्तस्राव

तापीच्या उत्तर तीरावर बुऱ्हाणपूर शहर वसले आहे आणि त्याच्या समोर, दक्षिण तीरावर, जैनाबाद हे गाव आहे. इसवी सन १४०० च्या सुमारास फारुकी घराण्यातील नसीरखानाने ही दोन्ही ठिकाणे वसविली आणि त्यांना दोन सूफी संतांची नावे दिली. बुऱ्हाणुद्दीन आणि जैनुद्दीन हे ते दोन संत. वेरूळजवळच्या खुलताबादेत त्या दोघांचेही दर्गे आहेत. पुढे मोगल अमदानीत जैनाबादेस राजघराण्याची बाग व मृगयेची राखीव जागा झाली. आहूखाना या नावाने ती जागा आजही दाखविली जाते. याच बागेत शाहजहानची पत्नी मुमताजमहल हिला प्रथम पुरण्यात आले. आग्र्याचा ताजमहाल साऱ्या जगाला ठाऊक आहे, परंतु त्या कथेचा आरंभ ज्या दुःखद घटनेने झाला ती तापीच्या काठी घडली, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

ती घटना अशी. दक्षिणेत खानजहान लोदीने बंड केले होते आणि त्याच्या बंदोबस्तासाठी शाहजहान बुऱ्हाणपुरास तळ देऊन राहिला होता. मुमताजमहल त्याच्याबरोबर होती. १६१२ साली तिचा विवाह झाला आणि त्यानंतरच्या एकोणीस वर्षांत तिला तेरा अपत्ये झाली. चौदाव्या खेपेस तिच्या कळा सुमारे तीस तास चालल्या. मुलगी जन्मास आली. तिचे नाव गौहरआरा. ती दीर्घायुषी झाली व १७०६ साली वारली. आई मात्र १७ जून १६३१ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, निवर्तली. तिचा मृत्यू प्रसूतीत झाला एवढे इतिहास निश्चित सांगतो. वर्णनावरून तो प्रसूतीनंतरच्या अनावर रक्तस्रावाने झाला असावा, असे आजचे वैद्यक जाणणारे लोक सामान्यतः मानतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह जैनाबादेहून आग्र्यास नेण्यात आला. बरोबर शाहजादा शुजा होता आणि आणखी दोन माणसे होती. एक हकीम म्हणून नावाजलेला वजीरखान आणि दुसरी मुमताजची विश्वासू सखी सतीउन्निसा. तिलाही वैद्यकाचे चांगले ज्ञान होते.

या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. शवाबरोबर चाललेली ही दोन्ही माणसे औषधोपचार जाणणारी होती. बादशाहाच्या पदरी हकिमांची वाण नव्हती, द्रव्याची नव्हती, सेवकांची नव्हती. तरीही एका बाळंतिणीच्या अंगावरून जाणारे रक्त थांबविण्याचे सामर्थ्य त्या साम्राज्यात कोणापाशीही नव्हते. याचे कारण उपेक्षा नव्हे. रक्त शरीरात फिरते ही गोष्टच विल्यम हार्वे याने जेमतेम तीन वर्षांपूर्वी, १६२८ साली, ग्रंथरूपाने मांडली होती. जे ज्ञान १६३१ साली पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नव्हते, ते आज एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या हाती असू शकते. असे असूनही जगात दरवर्षी सुमारे ४५,००० स्त्रिया याच कारणाने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली अंदाज दिला आहे. तेव्हा आजचा प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा राहिलेला नाही. तो वेळेचा आणि सिद्धतेचा प्रश्न आहे.

प्रथम हा रक्तस्राव होतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. गर्भ पूर्ण वाढलेला असता त्याच्या पोषणासाठी आईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. मूल जन्मले, वार सुटली, की ती जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्या क्षणी शरीराची एक विलक्षण योजना कामास येते. गर्भाशयाचे स्नायू जाळ्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात व रक्तवाहिन्या त्या जाळ्यातूनच गेलेल्या असतात. मूल व वार बाहेर पडताच गर्भाशय आवळते आणि ते स्नायू, दोरीने गाठ मारावी त्याप्रमाणे, या रक्तवाहिन्या आवळून धरतात. बाळंतिणीच्या बेंबीच्या खाली हात लावला असता चेंडूसारखा घट्ट गोळा हाताला लागतो, तो हाच.

गर्भाशय आवळले नाही, ढिले राहिले, तर मात्र त्या गाठी बसत नाहीत आणि रक्त वाहत राहते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावांपैकी बहुसंख्य, शंभरातील सुमारे सत्तर, या एकाच कारणाने होतात. उरलेल्यांत वारेचा तुकडा आत राहणे, प्रसूतिमार्गात जखम होणे किंवा रक्त गोठण्याची क्रिया बिघडणे ही कारणे असतात. अनेक बाळंतपणे झालेली असणे आणि कळा फार लांबणे या दोन्ही गोष्टींनी गर्भाशयाचा स्नायू थकतो. मुमताजमहलच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या स्त्रियांना असा रक्तस्राव होतो, त्यांच्यापैकी पुष्कळजणींच्या बाबतीत आधी कोणतेही भयसूचक लक्षण नसते. पहिलटकरीण असो की चौथ्या खेपेची, धडधाकट असो की अशक्त, प्रत्येक बाळंतिणीच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी लागते ती यामुळेच.

आता वेळेचा विचार. रोग अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक माणसाला दिवसांची, निदान काही तासांची सवड देतात. हा रोग ती देत नाही. उपचाराविना सोडलेली बाळंतीण रक्तस्राव सुरू झाल्यापासून साधारण दोन तासांत दगावू शकते. शिवाय तरुण स्त्रीचे शरीर आपली हानी बराच वेळ लपवून ठेवते. रक्त कमी होऊ लागले की हृदय अधिक वेगाने चालते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्तदाब काही काळ जसाच्या तसा राहतो. पाहणाऱ्याला वाटते, सर्व ठीक आहे. नंतर तोल एकाएकी सुटतो. म्हणून रक्तदाबापेक्षा नाडी आधी बोलते, हे अनुभवी परिचारिका जाणते. नाडीचे ठोके वाढत वाढत रक्तदाबाच्या वरच्या आकड्याजवळ आले, तर तो धोक्याचा इशारा समजावा, असा ठोकताळा डॉक्टर मंडळी आज वापरतात.

दुसरी फसवणूक डोळ्यांची होते. किती रक्त गेले याचा नुसत्या नजरेने केलेला अंदाज जवळजवळ नेहमी कमी भरतो. कपड्यांत, चादरीत, जमिनीवर पसरलेले रक्त मोजता येत नाही. या बाबतीत मराठी सीमाभागातील एका कार्याचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. बेळगाव येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत एक साधी प्लॅस्टिकची पिशवीवजा चादर वापरून पाहिली. बाळंतिणीच्या खाली ती पसरायची, टोकाशी असलेल्या नरसाळ्यासारख्या भागात रक्त जमते आणि त्यावरील खुणांवरून ते किती हे वाचता येते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की, नजरेचा अंदाज प्रत्यक्ष मापापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी होता.

त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील दुसरा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात आला. खेड्यापाड्यांत, डॉक्टर जवळ नसताना, सहायक परिचारिकांनी १,६२० स्त्रियांची बाळंतपणे केली. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांना बाळंत होताच मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या तोंडाने देण्यात आल्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. औषध न मिळालेल्या स्त्रियांत शंभरातील बाराजणींना मोठा रक्तस्राव झाला. ज्यांना औषध मिळाले त्यांच्यात हे प्रमाण साडेसहाच्या आत राहिले. या गोळीला शीतकपाट लागत नाही आणि ती देण्यास सुई लागत नाही. जेथे रस्ता पावसाळ्यात तुटतो आणि वीज दिवसातून अनेकदा जाते, अशा गावांच्या दृष्टीने या शोधाचे मोल किती आहे, हे सांगावयास नको.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात अशी बाळंतीण आली असता काय केले जाते, हे सामान्य नागरिकालाही ठाऊक असणे हिताचे आहे. पहिली गोष्ट म्हणजे मदतीस हाक मारणे. हे काम एकट्याचे नव्हे. एकजण ओटीपोटावरून गर्भाशय चोळून ते घट्ट करण्याचा प्रयत्न करतो. दुसरा ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आवळणारे औषध देतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळते, हे हेन्री डेल याने १९०६ साली दाखविले. व्हिन्सेंट द्यु विन्यो याने १९५३ साली तेच द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हे औषध थंडाव्यात ठेवावे लागते. उन्हाळ्यात खिडकीशी पडून राहिलेली कुपी हाताशी असणे म्हणजे औषध असणे नव्हे.

त्याच वेळी शिरेतून सलाईन सुरू होते आणि ट्रानेक्झामिक आम्ल दिले जाते. गोठलेल्या रक्ताची गुठळी लवकर विरघळू नये म्हणून हे औषध असते. जपानी वैज्ञानिक उताको ओकामोतो आणि त्यांचे पती यांनी ते १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत शोधले. बाळंतिणींसाठी त्याचा मोठा पडताळा घेतला जावा ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. एकवीस देशांतील वीस हजारांहून अधिक स्त्रियांवर तो पडताळा झाला आणि त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. बाळंत झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने घटतात, असे दिसून आले. ओकामोतो त्याच्या आदल्याच वर्षी, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन, वारल्या होत्या.

औषधे चालू असतानाच मूत्राशय रिकामे केले जाते, वार पूर्ण पडली आहे की नाही ते पाहिले जाते आणि कोठे जखम असल्यास टाके घातले जातात. एवढ्याने रक्त थांबले नाही तर दोन हातांच्या मध्ये गर्भाशय दाबून धरतात. ढाक्याच्या डॉक्टर सायेबा अख्तर यांनी साध्या रबरी निरोधाचा फुगा करून तो गर्भाशयात पाण्याने फुगविण्याची युक्ती काढली आणि २००३ साली ती वैद्यक जगापुढे मांडली. महागडी साधने नसलेल्या देशांत तिचा उपयोग झाला. शेवटी शस्त्रक्रिया हा उपाय उरतो. आणि या सर्वांच्या जोडीला रक्त लागते. माणसाचे रक्त माणसाला देण्याचा विचार जेम्स ब्लंडेल या इंग्रज प्रसूतितज्ञाला सुचला, तोदेखील अशाच रक्तस्रावाने मरणाऱ्या बाळंतिणी पाहून. १८२९ साली त्याने अशा एका स्त्रीचा जीव रक्त देऊन वाचविल्याचे जाहीर केले. रक्तगटांचे रहस्य मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल लँडस्टाइनर यांनी उलगडले आणि त्यानंतरच रक्तदान निर्धोक झाले.

हे सारे उपाय क्रमाक्रमाने, एकाचा परिणाम पाहून मग दुसरा, असे केले तर वेळ हातून निघून जातो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ऐंशी रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर आधारलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेथे रक्त खुणांच्या चादरीत मोजण्यात आले आणि माप ओलांडताच चोळणे, औषधे, सलाईन व तपासणी ही सर्व कामे एकदम हाती घेण्यात आली. पूर्वीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या ओळखल्याच जात नव्हत्या. नव्या पद्धतीत शंभरातील त्र्याण्णव ओळखल्या गेल्या आणि गंभीर प्रसंगांचे प्रमाण साठ टक्क्यांनी घटले. यात एकही औषध नवे नव्हते. होते ते केवळ मोजणे आणि न थांबणे. पूर्वी पाचशे मिलिलिटर रक्त जाईपर्यंत रक्तस्राव मानीत नसत. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असा सल्ला दिला की, तीनशे मिलिलिटर रक्त गेले आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, की उपचारास लागावे.

परंतु तातडीचा विभाग कितीही सज्ज असला तरी बाळंतीण तेथवर पोचली पाहिजे. या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी तीन विलंब सांगितले आहेत. पहिला घरातला, निर्णयाचा. दुसरा वाटेवरचा, वाहनाचा. तिसरा रुग्णालयातला, उपचाराचा. यांपैकी पहिला सर्वांत दुःखद, कारण तो टाळण्यास पैसा लागत नाही. “बाळंतिणीच्या अंगावरून जायचेच”, “मळ पडून गेलेला बरा”, अशी वाक्ये आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या बोलली जात आहेत. थोडे रक्त जाते हे खरे. पण त्या वाक्यांच्या आधाराने घरातील वडीलधारी माणसे थांबून राहतात, कर्ता पुरुष बाहेरगावाहून येण्याची वाट पाहिली जाते, आणि तेवढ्यात दोन तासांपैकी एक सरतो.

यास्तव काही खुणा प्रत्येक घरात माहीत असाव्यात. बाळंतपणानंतरच्या अर्ध्या तासात दोन-तीन घड्या भिजून चिंब झाल्या, रक्ताच्या मोठ्या गुठळ्या पडू लागल्या, बाळंतिणीला घेरी आली, तिचा चेहरा पांढरा पडला, अंग गार व घामाघूम झाले, ती असंबद्ध बोलू लागली किंवा अर्धा तास होऊनही वार पडली नाही, तर कोणाच्याही अनुज्ञेची वाट न पाहता १०८ क्रमांकास दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत बाळंतिणीला आडवे निजवावे, अंगावर पांघरूण घालावे, लघवी करवावी आणि मूल पाजावयास घ्यावे. मूल चोखू लागले की आईच्या शरीरातच गर्भाशय आवळणारे द्रव्य स्रवते. वार पडलेली असल्यास बेंबीखालील गोळा घट्ट होईपर्यंत हाताने चोळावा. वार पडण्यापूर्वी नाळ मात्र कधीही ओढू नये. भिजलेली वस्त्रे टाकून न देता बरोबर न्यावीत, म्हणजे डॉक्टरांना रक्ताचा अंदाज येतो. रक्तस्राव पहिल्या दिवशीच होतो असेही नाही. काही स्त्रियांना तो आठवड्या-दोन आठवड्यांनी होतो आणि तोही तितक्याच तातडीने दाखविला पाहिजे.

खरी सिद्धता मात्र नऊ महिने आधी सुरू होते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाने पीडित आढळल्या. जिच्या अंगात रक्तच थोडे आहे, तिला थोडा रक्तस्रावही भारी पडतो. लोहाच्या गोळ्या नेमाने घेणे, बाळंतपण रुग्णालयात करण्याचे आधीच ठरविणे, वाहन कोणते व रक्तपेढी कोठे याची चौकशी करून ठेवणे, आणि घरातील दोघा-तिघांनी रक्तदानास तयार असणे, ही कामे डोहाळजेवणाइतक्याच अगत्याने झाली पाहिजेत. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य मिळावे, अशी तरतूद जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ साली केली आहे. ती मागून घेण्यात संकोच नसावा.

हे प्रयत्न व्यर्थ जात नाहीत, याची साक्ष आकडे देतात. २०१८ ते २० या काळात भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता मृत्यू पावल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते आणि मध्य प्रदेशात १७३. जैनाबादेहून दक्षिणेस थोड्याच कोसांवर या दोन राज्यांची सीमा आहे. दोन्ही बाजूंना केळीच्या त्याच बागा आहेत, दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी घरे आहेत, आणि स्त्रीचे शरीर तर सर्वत्र सारखेच. संपूर्ण राज्याच्या सरासरीत दिसणारी ही तफावत निसर्गाने घातलेली नाही. ती अंतराने, रस्त्याने, अशक्तपणाने आणि विलंबाने पडलेली आहे. म्हणूनच ती भरून काढणेही माणसाच्या हातचे आहे.

शाहजहानने आपल्या शोकाचे जे स्मारक उभारले, तसे उभारणे कोणाच्याही शक्तीपलीकडचे आहे. परंतु त्याला जे करता आले नाही, ते आज जिल्ह्याचे रुग्णालय, खेड्यातील परिचारिका आणि वेळीच दूरध्वनी उचलणारी सासू मिळून करू शकतात. घरी बाळ जन्मले की लोक त्याच्याकडे धावतात, आणि ते स्वाभाविकच आहे. त्या आनंदात एका जाणत्या माणसाने मात्र पहिले दोन तास आईच्या उशाशी बसावे, तिची नाडी पाहावी, घड्या मोजाव्यात आणि बेंबीखालचा गोळा घट्ट आहे ना, हे पुनःपुन्हा हात लावून पाहावे.